रेणाप्पाचं बाहेरचं जेवण

रेनातो वरच्या मजल्यावर राहायला आला आणि पहिल्याच संध्याकाळी रत्नव्वांच्या मनात त्याच्याविषयी अढी बसली. कारण साधंच होतं. घरी आलेल्या पाहुण्याला ताट वाढायचं म्हणून त्यांनी भाकरी, झुणका, दही, लोणी असं सगळं मांडलं, स्वतःच्या हातानं पाट टाकला, आणि त्या दाराची चौकट भरून टाकणाऱ्या गोऱ्या माणसानं छातीवर हात ठेवून मान हलवली. "नो. थँक यू. नो." हसत म्हणाला, पण नाहीच म्हणाला. नंतर वर जाऊन एकट्यानं काहीतरी उकडून खाल्लं. भांड्यांचा आवाज खाली ऐकू येत होता.

"अन्नाला न्हाई म्हणतंय ते," रत्नव्वा सुनेला म्हणाल्या. "एवढं शिष्ट माणूस मी जन्मात बघितलं न्हाई."

सून म्हणजे विद्याश्री. संकेश्वरकडची, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली. तिचा नवरा मल्लेश शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेंटेनन्सचा साहेब होता. ९८ सालच्या दिवाळीनंतर त्या फौंड्रीत इटलीहून मोल्डिंगची नवी मशीन आली, आणि मशीन बसवून द्यायला तिच्याबरोबर रेनातो आला. काम पाडव्यापर्यंत चालणार होतं. तेवढे महिने त्याला हॉटेलात कुठं ठेवायचं, म्हणून मालकांनी मल्लेशच्या रुईकर कॉलनीतल्या घराचा वरचा मजला भाड्यानं घेतला.

रेनातो पन्नाशीचा, केस पांढरे, हात कारागिराचे. इंग्रजी त्याला मोडकंतोडकं यायचं. मल्लेशला फौंड्रीपुरतं यायचं. त्यामुळे दोघांचं गाडं अडलं की मल्लेश हाक मारायचा, "विद्या, ये की जरा." आणि विद्याश्री पदराला हात पुसत यायची. हे तिला मनातून फार आवडायचं. लग्न झाल्यापासून तिचं इंग्रजी पुस्तकांच्या पेटीत पडून होतं. आता ते रोज संध्याकाळी थोडं थोडं बाहेर निघत होतं.

रत्नव्वांना 'रेनातो' म्हणता येईना. त्यांनी दुसऱ्याच दिवशी त्याचा 'रेणाप्पा' करून टाकला. तोही त्या नावाला ओ द्यायला लागला. जिन्यात दिसला की त्यांना वाकून नमस्कार करायचा, कोपऱ्यावरच्या नळावरून त्यांची घागर उचलून आणायचा. पण खाण्यापिण्यात मात्र या घरचं पाणीसुद्धा उकळून घेणार. सणाला पोळी नाही, हुरडा नाही, साधी चिमूटभर साखर हातावर ठेवली तर तीही खिशात.

जेवत का नाही, हे त्यानं सांगितलं नव्हतं असं नाही. आला त्याच आठवड्यात सांगितलं होतं. गळ्याला दोन्ही हात लावून म्हणाला होता, "नट्स, नो. बिग प्रॉब्लेम." फौंड्रीत पोरं हसली होती. ड्रायव्हर जोतीराम म्हणाला होता, "नट खात न्हाई म्हणं! मग बोल्ट खातोय काय?" मल्लेशनं घरी येऊन बायकोला विचारलं, तेव्हा विद्याश्रीनं कॉलेजातला शब्दकोश काढून बघितला. टणक कवचाचं फळ. बदाम, अक्रोड, काजू.

"काजू-बदाम चालत न्हाईत त्यांना," तिनं सासूला समजावलं.

"मग आपण कुठं रोज काजू-बदाम खातोय?" रत्नव्वा म्हणाल्या. "न जेवायला निमित्त हाय ते."

विद्याश्रीलाही खरं म्हणजे तसंच वाटलं होतं.

फेब्रुवारीत मशीन एकदाची चालली. पहिला साचा नीट पडला, पहिली कास्टिंगं काळीभोर, गुळगुळीत निघाली, आणि मालकांनी सगळ्या फौंड्रीत पेढे वाटले. मालक मल्लेशला म्हणाले, "इटलीच्या साहेबांना आज झकास जेवायला घेऊन जा. वहिनींनाबी न्या. गाडी घ्या, जोतीरामला घ्या. कमी पडायला नको काय." मल्लेशनं भीतभीतच रेनातोला विचारलं. आणि काय आश्चर्य, तो म्हणाला, "यस. टुनाइट, यस. ऑल टुगेदर."

विद्याश्रीला हे खरंच वाटेना. तिनं अबोली इरकल काढली, गजरा माळला. रत्नव्वांनाही चला म्हणून तिनं आग्रह केला.

"मी न्हाई बाई हॉटेलात येत," त्या म्हणाल्या. "आमच्या दारातलं ताट चालत न्हाई, आणि हॉटेलातलं चालतंय व्हय त्याला?"

हायवेला एक गार्डन हॉटेल नवीन निघालं होतं. प्युअर व्हेज, हिरवळ, झाडांवर रंगीत बल्ब, दारात फेटेवाला. मल्लेशच्या मनात तेच होतं. पण तिथं पोचले तर हिरवळीवर कुणाचं तरी रिसेप्शन चाललेलं. मग त्यांना आतल्या फॅमिली हॉलमध्ये बसवलं. बसतात न बसतात तोवर लाईट गेली. जनरेटर सुरू झाला आणि त्याचा धूर खिडकीतून आत यायला लागला. बाहेर बँड आणि आत धूर, अशा बेतानं जेवण सुरू झालं.

मेनूकार्ड केवढं थोरलं. त्यात 'कॉन्टिनेन्टल' असं एक पान होतं. ते बघून मल्लेशला हायसं वाटलं. त्यानं बोट ठेवून एकेक विचारायला सुरुवात केली. वेटर मान हलवत राहिला.

"हे न्हाई?"

"न्हाई."

"मग हे?"

"पावणं, ते पान नुसतं छापलंय," वेटर शेवटी म्हणाला. "त्यातलं करणारा आचारी गावाकडं गेलाय."

रेनातो हसला. त्याला काही कळलं नव्हतं, पण दोघांची तोंडं बघून हसला. मल्लेशनं सूप मागवलं. ते आलं गोड आणि खळीसारखं घट्ट. पनीरची भाजी मागवताना विद्याश्रीनं वेटरला थांबवून बजावलं, "काजू घालायचा न्हाई. एकसुद्धा न्हाई. मगजबिगज काय न्हाई. या साहेबांना अजिबात चालत न्हाई." वेटरनं आत जाऊन विचारलं, परत येऊन सांगितलं, "नुसत्या टोमॅटोत करतोय बघा वैनी, बिनघोर ऱ्हावा." तरी ती उठली आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जाऊन आचाऱ्याला स्वतः सांगून आली. यात कुठं चूक म्हणून राहू द्यायची नाही, असं तिनं ठरवलं होतं. एवढ्या महिन्यांनी माणूस आपल्याबरोबर जेवायला बसलाय.

भाजी आली ती लालभडक. काजू नाही म्हणून आचाऱ्यानं लाल तिखट चटणी सढळ हातानं घातली असावी. रेनातोनं पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे भरून आले. कान लाल झाले. तो पाणी प्याला, पुन्हा प्याला, रोटीचा तुकडा नुसताच चावत बसला. रोटी चामड्यासारखी. मल्लेशचा चेहरा पडला. विद्याश्रीला वाटलं, यापेक्षा घरीच बरं होतं. एवढी वाट बघून ठरवलेला बेत, आणि हे असलं जेवण.

मल्लेशनं स्वतःसाठी थाळी घेतली होती. तिच्यात एका वाटीत कोशिंबीर होती. काकडीची, दह्यातली, वरून कोथिंबीर. गार, पांढरी, निष्पाप. विद्याश्रीनं ती वाटी उचलली आणि रेनातोच्या पुढं सरकवली.

"धिस," ती म्हणाली. "कुकुंबर. कर्ड. नो चिली."

त्यानं वाटी जवळ ओढली. चमच्यानं दही बाजूला सारून आत बघितलं. काकडीचे बारीक काप, बाकी सगळं पांढरं. त्यानं तिच्याकडं बघून विचारलं, "नो नट्स?"

"नो नट्स," विद्याश्री ठामपणे म्हणाली. "शुअर."

त्यानं मोठा चमचा भरून तोंडात घातला. जिभेला गारवा मिळाला तसे त्याचे खांदे सैल पडले. "बुओनो. गुड," तो म्हणाला. दुसरा चमचा घेतला. मल्लेश हसला. विद्याश्रीही हसली.

तिसरा चमचा वाटीतच राहिला. रेनातोनं तो हळूच खाली ठेवला आणि ओठांवर बोटं फिरवली. मग जीभ टाळूला लावून बघितल्यासारखं केलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पुसून गेलं, आणि तिथं जे आलं ते विद्याश्रीनं कधीच कुणाच्या चेहऱ्यावर बघितलं नव्हतं. घाबरलेला माणूस इकडंतिकडं बघतो. हा कुठंच बघत नव्हता. आपल्याच आत काय चाललंय ते कान देऊन ऐकत बसला होता.

"नट्स," तो म्हणाला. आवाज घोगरा.

"नो, नो," विद्याश्री म्हणाली. "नो नट्स. ओन्ली कुकुंबर!"

"नट्स." त्यानं वाटीकडं बोट केलं. त्यानं खिशातून गोळ्यांचं पाकीट काढलं, एक गोळी तोंडात टाकली, पण ती गिळता येईना. ओठ बघता बघता सुजले. मानेवर लाल चट्टे उठले, एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, पाण्यात तेल पसरावं तसे. आणि श्वासाला शिटीसारखा आवाज यायला लागला.

"नो नट्स, रेनातो, आय टेल यू," ती अजून म्हणत होती. आपण काय बोलतोय ते तिचं तिला कळत नव्हतं.

तो उठायला गेला आणि टेबलासकट खाली आला. ताटं फुटली. बाहेरचा बँड वाजतच होता. माणसं धावली. "गोऱ्याला फिट आली, फिट!" कुणीतरी ओरडलं. कुणी त्याच्या नाकाला कांदा लावला. रिसेप्शनच्या मांडवातला एकजण पायातली चप्पल काढून पुढं आला, "हुंगवा, हुंगवा हिला." एकानं तोंडावर तांब्याभर पाणी ओतलं. मल्लेशनं त्या सगळ्यांना ढकललं आणि छाती फुटेस्तोवर हाक मारली, "जोत्या! गाडी!"

चौघांनी उचलून त्याला मागच्या सीटवर घातलं. विद्याश्रीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं. परका पुरुष, मांडीवर डोकं, असलं काही तिच्या मनातही आलं नाही. त्याचा चेहरा ओळखू येत नव्हता. डोळे सुजून मिटले होते, ओठ निळसर पडत चालले होते, आणि प्रत्येक श्वास कुणीतरी खेचून घेतल्यासारखा अर्ध्यातच तुटत होता. जोतीराम हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

"वैनी, श्वास हाय का?" तो दर वळणावर विचारत होता. "हाय का श्वास?"

"हाय," ती म्हणत होती. "हाय. चल तू."

हॉस्पिटलात ड्युटीवर एक तरुण डॉक्टरीण होती. घाटगे आडनावाची. तिनं रेनातोला एकदा बघितलं आणि काही विचारायच्या आधीच मांडीत इंजेक्शन दिलं. मग ऑक्सिजन, सलाईन, दुसरं इंजेक्शन. पडदा ओढला. मल्लेश आणि विद्याश्री बाहेर उभे. तिच्या इरकलीवर दही सांडलं होतं. गजरा कुठं पडला होता कुणास ठाऊक.

बऱ्याच वेळानं डॉक्टरीण बाहेर आली. "वाचला," म्हणाली. "आणखी थोडा उशीर झाला असता तर गळा पूर्ण बंद झाला असता. काय खाल्लंय यांनी?"

"काहीच न्हाई हो," मल्लेश म्हणाला. "दोन घास पनीर. तेबी काजू न घालता करून घेतलेलं."

"अजून?"

"सूप. रोटी."

"अजून?"

"कोशिंबीर," विद्याश्री म्हणाली. "काकडीची. नुसती दही-काकडी."

डॉक्टरीण थांबली. "दाण्याचं कूट होतं तिच्यात?"

"कूट तर असतंयच की," विद्याश्री म्हणाली.

कूट तर असतंयच. मीठ असतंय, पाणी असतंय, तसं. कूट आहे का, असं कुणी विचारतं का? काकडी चोचवायची, दही घालायचं, कूट घालायचं, याला कोशिंबीर म्हणतात. डॉक्टरीण तिच्याकडं बघत राहिली. विद्याश्रीला तिची नजर आधी कळली नाही. मग कळली.

"शेंगदाण्यानं?" मल्लेश म्हणाला. "शेंगदाण्यानं कोण मरतंय का डॉक्टर? आमच्याकडं लहान पोरं मूठ मूठ भरून खात्यात!"

"हजारात एखादा असतो असा," डॉक्टरीण म्हणाली. "मीसुद्धा पुस्तकातच वाचलंय. आज पहिल्यांदा बघितलं. इंग्रजीत यालाही नट म्हणतात हो. पीनट."

विद्याश्री तिथल्या बाकावर बसली. शाळेत ती ग्राउंडनट शिकली होती. ग्राउंडनट. त्या शब्दात नट होता. तो शब्द तिला आठवीपासून येत होता, प्रमुख पिकांच्या धड्यात होता, आणि आजपर्यंत त्याचे दोन तुकडे करून बघायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं. शेंगदाणा म्हणजे शेंगदाणा. घरच्या कोडोलीच्या शेतातून पोतं येतं, त्यातला. त्यानं विचारलं होतं, आणि तिनं 'शुअर' म्हणून सांगितलं होतं.

मालकांनी फोनवर सांगितलं, त्याच्या घरी कळवा. समोरच्या बूथवरून मल्लेशनं इटलीचा नंबर लावला, पण पलीकडून बाईचा आवाज आल्यावर त्याला शब्द सुचेनात. त्यानं रिसीव्हर विद्याश्रीच्या हातात दिला. पलीकडं रेनातोची बायको होती, मरीसा. तिचंही इंग्रजी मोडकंच. विद्याश्रीनं आधी सांगितलं की तो वाचलाय, मग काय झालं ते सांगितलं. पलीकडं रडण्याचा आवाज आला, मग थांबला. मरीसानं विचारलं, "हू गिव्ह?"

कुणी दिलं?

बूथच्या काचेत विद्याश्रीला स्वतःचा चेहरा दिसत होता. हॉटेलनं दिलं असं म्हणता आलं असतं. ते खोटंही नव्हतं.

"आय," ती म्हणाली. "आय गिव्ह. विथ माय हँड."

आता ही बाई शिव्या देणार, असं तिला वाटलं. द्याव्यात, असंही वाटलं. पण मरीसा हळू आवाजात म्हणाली, तो तुमच्याबरोबर जेवला? विद्याश्री हो म्हणाली. मरीसा पुन्हा म्हणाली, तो कुणाकडंच जेवत नाही. माझ्या सख्ख्या बहिणीकडं नाही. आमच्या लग्नात त्यानं स्वतःच्या आईनं केलेला डबा खाल्ला होता. आणि तुमच्याकडं जेवला?

विद्याश्रीला रिसीव्हर नीट ठेवताही आला नाही. मल्लेशनं तो ठेवला.

त्या घराला दुसऱ्या दिवशी अवकळा आली. शिरोलीत बातमी पसरली ती भलतीच. कुणी म्हणे इटलीच्या साहेबाला विष घातलं, कुणी म्हणे पाल पडली होती. हॉटेलवाला बिचारा दोनदा हॉस्पिटलात येऊन गेला आणि दोन्ही वेळा तेच बोलला, "माझं काय चुकलं ते तर सांगा. कुटाबिगर कोशिंबीर करू काय आता?" त्याला काय सांगणार?

रत्नव्वांना विद्याश्रीनं सगळं सांगितलं तेव्हा त्या चुलीसमोर... म्हणजे गॅससमोरच, पण त्या त्याला चूलच म्हणत... बसल्या होत्या. त्यांनी आधी विश्वास ठेवला नाही. "शेंगा खाऊन? आमच्या शेंगा?" मग म्हणाल्या, "पयल्या दिवशी मी त्याला झुणका वाढला व्हता. त्यात कूट व्हतं." आणि परत, "सक्रातीला मी त्याच्या हातावर तिळगूळ ठिवला. त्यात दाणं व्हतं. मी म्हणलं खा, खा. हात धरून म्हणलं." त्यांनी स्वतःच्या हाताकडं बघितलं. "शिवा शिवा. पोरगं जीव मुठीत धरून नमस्कार करत व्हतं, आणि मी शिष्ट म्हणत बसलो."

त्या उठल्या. फळीवरचा शेंगदाण्याचा डबा काढला, कुटाची बरणी काढली, शेंगाचटणीची वाटी काढली. माळ्यावरचं पोतं मल्लेशला खाली घ्यायला लावलं आणि सगळं शेजारच्या चिमणाबाईच्या अंगणात नेऊन ठेवलं. चिमणाबाई हातातला झाडू टाकून बघत राहिली. "काय झालं वो रत्नव्वा? कीड लागली का?" रत्नव्वा तोवर घरात परतल्या होत्या. खलबत्ता, मिक्सरचं भांडं, पोळपाट, सगळं राखेनं घासलं, पुन्हा घासलं. विद्याश्री घासू लागली तर तिला बाजूला केलं.

रेनातो घरी आला तो उतरलेल्या तोंडाचा, म्हाताऱ्यासारखा. जिन्याच्या पहिल्या पायरीशी विद्याश्री उभी होती. तिनं माफीची चार वाक्यं पाठ केली होती. "आय सेड शुअर," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली.

तो पायरीवर बसला. शब्द शोधत शोधत त्यानं जे सांगितलं ते असं की लहानपणापासून तो एकटा जेवतो. शाळेत एकटा, कामावर एकटा. इथं वर बसून तो खाली तुमची भांडी ऐकायचा, तुमचं हसणं ऐकायचा. त्या दिवशी मशीन चालली, सगळे खूश होते, आणि त्याला वाटलं की एक दिवस, एकच दिवस, सगळ्यांबरोबर बसावं. ही त्याची चूक. तिची नाही.

विद्याश्रीनं हे सासूला सांगताना मधेच थांबून पदर डोळ्यांना लावला.

त्याच संध्याकाळी रत्नव्वांनी स्वयंपाक केला. नवा तांदूळ, नुसत्या मिठाचं वरण, घरचं तूप, उकडलेले बटाटे. दुसरं काही नाही. पाट टाकला आणि रेनातोला खाली बोलावलं. विद्याश्रीनं एकेक पदार्थावर हात ठेवून सांगितलं, हे काय आहे, त्यात काय काय आहे, भांडं कुठलं, घासलं कुणी. तो मांडी घालून बसला. हात धुऊन भाताला बोटं लावली. आणि तो हात तिथंच राहिला. त्याला घास उचलवेना. कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "सॉरी," तो म्हणाला. "आय वाँट. आय कॅनॉट."

मल्लेशनं मान खाली घातली. विद्याश्रीला वाटलं, संपलं. आता हा माणूस कुणाच्याच पंगतीला बसणार नाही, आणि हे आपण केलं.

रत्नव्वा म्हणाल्या, "न्हाई जात तर न्हाई. त्यात काय एवढं? विद्या, त्याला सांग, घास गिळायलाच पायजे असं कुठं हाय. नुस्तं बस म्हणावं."

विद्याश्रीनं सांगितलं. रेनातोनं ते ऐकलं, उठला आणि जिना चढून वर गेला. मल्लेशनं पाण्याचा तांब्या उगाच उचलून परत ठेवला. वर भांड्यांचा खणखणाट झाला. मग पावलं परत खाली आली. रेनातोच्या हातात त्याचं स्वतःचं पातेलं होतं, आत त्यानं शिजवलेल्या शेवया, आणि स्वतःचा काटा. तो पाटावर बसला, पातेलं मांडीवर घेतलं आणि जेवायला लागला.

तेव्हापासून तो रोज तसाच खाली यायचा. पातेलं घेऊन, सगळ्यांबरोबर. रत्नव्वा त्याच्याशी आपल्या माहेरच्या कानडीत बोलायच्या, तो त्यांना इटलीच्या भाषेत उत्तर द्यायचा, आणि दोघांचं काही अडायचं नाही. या घरचा शेवटपर्यंत एक दाणाही त्यानं खाल्ला नाही, आणि कुणी त्याला खा म्हणालंही नाही.

एकदा मात्र गंमत झाली. या घरात अंडं चालत नाही हे विसरून तो पातेल्यात उकडलेली अंडी घेऊन आला. झाकण काढलं आणि त्या लिंगायताच्या स्वयंपाकघरात अंड्याचा वास पसरला. मल्लेशचा घास हातात, विद्याश्री सासूकडं बघायला लागली. रेनातोला आपली चूक कळली, तो झाकण घालून उठायला लागला.

"बस," रत्नव्वा म्हणाल्या. त्यांनी आपलं ताट उचललं, पाट फिरवला आणि सगळ्यांकडं पाठ करून भिंतीकडं तोंड केलं. "खा म्हणावं त्याला. मी हिकडं बघत जेवतो."

आणि तशाच, भिंतीकडं बघत, त्या त्याला शेतातल्या विहिरीची गोष्ट सांगायला लागल्या.